जनसुनावणी बंद करण्याच्या निर्णयाबाबत जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
तसेच आरोग्य, महिला व बालविकास, शिक्षण आणि पोलीस या विभागांचे जिल्हाप्रमुख यांस

विषय : तालुकास्तरीय जनसुनावणी पूर्ववत सुरू करणे आणि गावपातळीवरील आरोग्य, पोषण व बालसंरक्षण समित्यांच्या कामावर खरी देखरेख ठेवणे

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

आरोग्य व पोषण सेवांविषयी तालुक्याच्या ठिकाणी होणारी जनसुनावणी यापुढे घेतली जाणार नाही, नागरिकांनी आपल्या तक्रारी ऑनलाइन नोंदवाव्यात आणि गावातील समित्यांनी बैठकांचे अहवाल छायाचित्रांसह अपलोड करावेत, अशा आशयाचे पत्र नुकतेच आमच्या ग्रामपंचायतीत आले. ते ग्रामसभेपुढे ठेवले गेले नाही. सुनावणीला वर्षानुवर्षे येणाऱ्या बायांना, आशाताईंना किंवा समितीच्या सदस्यांना त्याबद्दल आधी कोणी काही विचारलेही नाही. आम्ही स्वतंत्र निवेदन दिले, त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

मी याच जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आणि तालुक्याच्या देखरेख समितीत काम केले. आमचा तालुका ऊसतोडीचा आहे. दसरा झाला की मुकादमाचे ट्रॅक्टर वस्तीवर येतात, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्यानंतर कधीतरी परत येतात. वर्षाचे पाच-सहा महिने अर्धे गाव फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. गरोदर बाया, सहा वर्षांच्या आतली लेकरे आणि शाळेतून मध्येच उठवलेल्या मुली त्यांच्यासोबत जातात. या पत्रातली प्रत्येक तक्रार या लोकांविषयी आहे, कारण आपल्या समित्यांची परीक्षा त्यांच्यापाशीच होते.

सुनावणी कोठून आली, याची आठवण आधी करून देते, कारण आपल्या पत्रात तिचा उल्लेख एखाद्या ऐच्छिक कार्यक्रमासारखा आहे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हाच लोकाधारित देखरेख हा त्याच्या आराखड्याचा भाग होता. 2007 मध्ये देशातल्या नऊ राज्यांत त्याचा प्रारंभ झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, हे पाच जिल्हे निवडले गेले आणि पुढे हे काम आणखी जिल्ह्यांत पसरले. गावातल्या लोकांनी एकत्र बसून आपल्या उपकेंद्राला, अंगणवाडीला, रुग्णवाहिकेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, तो तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आणि तालुक्याच्या समितीपुढे न्यायचा आणि जे तिथे सुटत नाही ते जनसुनावणीत सर्वांसमक्ष मांडायचे, अशी ती रीत होती. मी नोकरीत असताना माझ्या उपकेंद्रालाही लाल रंग मिळालेला आहे. मला तेव्हा राग आला होता. परंतु बंद पडलेले शीतपेटीचे यंत्र, ज्याच्यासाठी आम्ही वरिष्ठांना पत्रांमागून पत्रे लिहीत होतो, ते त्या सुनावणीनंतरच बदलून मिळाले, हेही खरे.

सुनावण्यांत सारे चांगलेच घडत होते, असा माझा दावा नाही. काही ठिकाणी पुढाऱ्यांनी त्याचे व्यासपीठ केले, काही ठिकाणी एखाद्या गरीब कंत्राटी डॉक्टरला तासभर उभे करून फैलावर घेतले गेले, ज्याच्या हातात ना औषधखरेदी होती ना पदभरती. या दोषांवर उपाय करता आला असता. सुनावणीच बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार समित्यांच्या संख्येविषयी आहे. आमच्या गावात आज ग्राम आरोग्य समिती आहे, उपकेंद्राची जन आरोग्य समिती आहे, ग्राम बाल संरक्षण समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि मार्च 2022 च्या शासन निर्णयानंतर शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही आहे. शिवाय प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती वेगळी. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, अंगणवाडी सेविका, आशा, मुख्याध्यापक आणि एखाददुसरी बचत गटाची अध्यक्ष, ही तीच माणसे आलटूनपालटून या बहुतेक समित्यांवर असतात. ज्यांनी सेवा द्यायची त्यांनीच त्या सेवेवर देखरेख ठेवायची आणि त्याचा अहवालही त्यांनीच लिहायचा, अशी ही रचना झाली आहे. एका सतरंजीवर बसलेल्या त्याच माणसांचे, फलक तेवढे बदललेले तीन फोटो तीन नस्त्यांत लागलेले मी पाहिले आहेत. आपल्या नव्या पत्राने फोटो हाच बैठक झाल्याचा पुरावा ठरवला आहे. बैठकीत काय ठरले, मागच्या वेळी ठरलेल्यातले काय झाले, हे विचारणारा रकानाच त्या नमुन्यात नाही.

दुसरी तक्रार या पत्राचा गाभा आहे, त्यामुळे ती सविस्तर लिहिते.

आमच्याकडची सोळा वर्षांची एक मुलगी घ्या. नाव नको, कारण अशी एकच नाही. दिवाळीनंतर ती शाळेत येणे थांबते, आणि हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. गावात हंगामी वसतिगृह मंजूर असले तरी ते उशिरा सुरू होते, आणि तोवर आईबाप निघून गेलेले असतात. वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा त्यांचा प्रश्नही खोटा नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते, त्यामुळे त्या मुलीचे लग्न लावून दिले की दोन्ही घरांचा हिशेब जुळतो. लग्न फडाजवळच्या एखाद्या देवळात किंवा परत आल्यावर गावातच होते. पुढच्या पावसाळ्यात ती गरोदर म्हणून आशाताईंच्या वहीत येते आणि वय लिहिले जाते एकोणीस.

या मुलीचे शाळेतून जाणे शाळेला माहीत होते. किशोरवयीन मुलींच्या यादीतून ती वगळली गेली, हे अंगणवाडीला माहीत होते. लग्नाची कुणकुण ग्रामपंचायतीला होती, आणि ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच 2006 च्या कायद्याखालचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. तिचे खरे वय आरोग्य सेविकेला दिसत होते. चार वह्यांत एकाच मुलीची चार तुकड्यांतली हकीकत होती, आणि त्या चार वह्या एका टेबलावर कधीही आल्या नाहीत. प्रत्येक विभागाचा मासिक अहवाल आपापल्या वरिष्ठाकडे गेला, आणि प्रत्येकाचा अहवाल आपापल्यापुरता बरोबरच होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयोगटातल्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले, आणि मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण 40 टक्क्यांच्याही वर होते. त्याच सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली. हे आकडे आपल्या कार्यालयांत असतीलच. माझा प्रश्न इतकाच आहे, की आमच्या तालुक्यातल्या कोणत्या समितीने मागच्या हंगामात ‘आमच्या गावात इतके बालविवाह झाले’ असे लिहून दिले? मला कळले त्याप्रमाणे बहुतेक अहवालांत त्या जागी शून्य आहे.

शून्य का येते, हे मी आतून पाहिले आहे. अठरा वर्षांखालची मुलगी गरोदर आहे हे कळले, की 2012 च्या पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे कलम 21 प्रमाणे शिक्षापात्र आहे. कायदा मुलीच्या रक्षणासाठी आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु खाली घडते ते असे, की नोंद केली तर मुलीचा नवरा आणि सासरा आत जातील या भीतीने घरचे लोक तिला सरकारी दवाखान्यात आणतच नाहीत, आणि आणलीच तर कर्मचारी स्वतःची मान सोडवण्यासाठी वय वाढवून लिहितात किंवा ‘पुढे घेऊन जा’ म्हणून वाटेला लावतात. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात, अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली असता तिच्या व पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी पोलिसांकडे तिची ओळख उघड करणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले, कारण भीतीपोटी मुली असुरक्षित ठिकाणी जातात हे न्यायालयाच्या लक्षात आले होते. तो निकाल आमच्या उपकेंद्रांपर्यंत सोप्या मराठीत कोणी पोहोचवला? आरोग्य विभाग म्हणतो हा विषय बालविकासचा, बालविकास म्हणतो पोलिसांचा, आणि पोलीस विचारतात की फिर्याद कोण देणार.

तिसरी तक्रार खबर देणाऱ्याच्या सुरक्षेची आहे. आमच्या भागातल्या एका सेविकेने लग्नाच्या आदल्या दिवशी 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला. लग्न थांबले, ही चांगली गोष्ट. पण फोन कोणी केला हे संध्याकाळपर्यंत नवरदेवाकडच्या लोकांना ठाऊक होते, आणि पुढचे कित्येक महिने त्या वस्तीवरच्या बायांनी आपली लेकरे तिच्या अंगणवाडीत पाठवली नाहीत. नाव कोणाकडून फुटले याची चौकशी झाली नाही. तेव्हापासून तिने पुन्हा फोन केल्याचे मला माहीत नाही, आणि मी तिला दोष देणार नाही. मानधनावर काम करणाऱ्या, त्याच गल्लीत राहणाऱ्या बाईने गावाशी वैर घ्यावे आणि तिच्यामागे उभे राहणारे कोणी नसावे, या पायावर बालसंरक्षण उभे राहत नाही.

चौथी तक्रार पैशांची. ती थोडक्यात सांगते. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंतचा अबंधित, म्हणजे समितीने गरजेप्रमाणे खर्चायचा, निधी देण्याची तरतूद आहे. तो निधी किती वेळा आला, केव्हा आला आणि कशावर खर्च झाला, हे बहुतेक सदस्यांना ठाऊक नसते. वर्ष संपता संपता तो येतो आणि मार्चअखेर खर्ची टाकायचा म्हणून वजनकाटा किंवा खुर्च्या घेतल्या जातात. ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईच्या तपासणीसाठी सप्टेंबरात गाडी करायची असते, तेव्हा खात्यात काही नसते.

पाचवी तक्रार आपल्या ऑनलाइन पद्धतीविषयी. तक्रार नोंदवायला मोबाइल लागतो, त्यावर ओटीपी येतो, आणि घरात एकच मोबाइल असेल तर तो नवऱ्याच्या किंवा मुकादमाकडे काम करणाऱ्या दिराच्या खिशात असतो. बाळंतपणात पैसे मागितल्याची तक्रार जी बाई सुनावणीत चार शेजारणींच्या आधाराने उभी राहून करत होती, ती ही तक्रार कोणाच्या मोबाइलवरून करणार? शिवाय पोर्टलवरची तक्रार ज्याच्याविरुद्ध असते, त्याच कार्यालयाकडे खुलाशासाठी जाते आणि ‘तथ्य आढळले नाही’ या शेऱ्याने बंद होते. सुनावणीत निदान तो शेरा सर्वांदेखत उच्चारावा लागत असे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की देखरेखीसाठी वरच्या पातळीवर समित्या आहेतच. आहेत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 27 प्रमाणे बाल कल्याण समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घेणे ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती आणखी ठळक झाली. 2022 च्या मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांनी जिल्ह्यातल्या बालसंरक्षणाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली आहेत. परंतु या आढाव्यात काय निघाले, किती प्रकरणे आली, किती प्रलंबित राहिली, एवढे आकडेसुद्धा आम्हाला कोठे वाचायला मिळत नाहीत. त्यातच मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. समितीत निवडून आलेला सदस्य असतो तेव्हा तो चांगला असो वा नसो, त्याला पुन्हा मत मागायला आमच्या दारात यावे लागते. तोही धागा तुटल्याच्या काळानंतर आपण सुनावणीचा उरलेला धागा तोडत आहात.

देखरेख नसली की काय होते, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले आहे. ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय 2019 मध्ये गाजला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात 82 हजारांहून अधिक बायांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीमुळे कामाचा खाडा पडला तर दंड कापला जातो, फडावर ना मोरी ना पाणी, अंगावरून जाण्याचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढलेले, आणि मग खासगी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, ही सारी साखळी तेव्हा उघड झाली. हे एका दिवसात घडलेले नव्हते. गावोगावी आरोग्य समित्या तेव्हाही होत्या. त्यांच्या इतिवृत्तांतून हा विषय जिल्ह्याच्या टेबलावर आला नाही. तो आला पत्रकारांकडून आणि स्त्रियांच्या संघटनांकडून. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतरही हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरल्यावरच यंत्रणा खडबडून हलली. लोकांना बोलण्याची ठरलेली जागा ठेवली नाही, तर लोक दुसरी जागा शोधतात, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सुनावणी बंद करणारे पत्र मागे घ्यावे आणि वर्षातून दोन सुनावण्या घ्याव्यात, एक कामगार जाण्याच्या आधी आणि दुसरी ते परत आल्यावर. अध्यक्षस्थानी ज्या विभागावर तक्रार आहे त्याचा अधिकारी नसावा. प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर मिळावे आणि ते पुढच्या सुनावणीत आधी वाचून दाखवावे. हजर कर्मचाऱ्यांचा अपमान होणार नाही, याची हमी आम्ही समितीचे सदस्य घेऊ.

तालुका आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, पोलीस ठाण्याचे प्रतिनिधी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी यांची तीन महिन्यांतून एकदा संयुक्त बैठक व्हावी. तीत शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत आणि उपकेंद्र यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात. शाळेच्या यादीतून गळालेली मुलगी बाकीच्या तीन याद्यांत कुठे आहे, हे नावानिशी पाहिले जावे. ही नावे बंद दाराआड राहावीत. बाहेर फक्त आकडे आणि घेतलेले निर्णय यावेत, आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. मुलींची गुप्तता आणि कारभाराची गुप्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या नावाखाली दुसरी जपली जाऊ नये.

अल्पवयीन गरोदर मुलीवर उपचार आधी होतील, तिला कोणत्याही केंद्रातून परत पाठवले जाणार नाही आणि कायद्याने कळवायचे ते कोणी, कोणाला व कशा भाषेत कळवायचे, याची एक लेखी मराठी सूचना आरोग्य, बालविकास आणि पोलीस या तिघांच्या सहीने निघावी. तिघांच्या सह्या नसतील तर ती सूचना आम्हाला नको, कारण एका सहीच्या सूचना आमच्याकडे पुष्कळ आहेत.

खबर देणाऱ्याचे नाव फुटल्यास चौकशी कोण करणार आणि किती दिवसांत, हे जाहीर करावे.

गावातल्या समित्यांपैकी ज्या एकत्र बसवता येतील त्या एकत्र बसवाव्यात, मात्र त्यांतले निम्मे सदस्य कोणत्याही विभागाकडून पगार किंवा मानधन न घेणारे असावेत, आणि त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या बाया असाव्यात. त्या सहा महिने गावात नसतात, हे कारण सांगू नये. बैठका त्या असतील तेव्हा ठेवाव्यात. समितीच्या निधीचा जमाखर्च ग्रामसभेत वाचावा आणि तो निधी पावसाळा संपण्याआधी खात्यात यावा. हंगामी वसतिगृहाची मंजुरीही त्याच सुमारास, पहिला ट्रॅक्टर निघण्याआधी मिळावी.

यांपैकी बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही आणि मोठा पैसाही लागत नाही. आपल्या सहीची दोन-तीन पत्रे आणि तालुक्यातल्या सहा अधिकाऱ्यांचा एक अर्धा दिवस लागतो.

पहिली सुनावणी यंदा दसऱ्याच्या आत व्हावी, अशी विनंती आहे. आमच्याकडे मंगळवारी आठवडी बाजार असतो आणि गावोगावच्या बाया त्या दिवशी तालुक्याला येतातच. सुनावणी मंगळवारी दुपारनंतर ठेवली, तर कोणाचीही मजुरी बुडणार नाही. तारीख निदान पंधरा दिवस आधी कळवावी, म्हणजे गावांचे तक्ते तयार करता येतील.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका
सदस्य, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती